कापसाच्या गंजीतला बॉल

मुलगी लहान असताना मी तिला राजा-राणीच्या गोष्टी कधी सांगितल्या नाहीत. मला त्या येतच नव्हत्या. मला एकच गोष्ट येत होती, ती मी मारलेल्या किकची. दिग्रसला आमच्या शाळेच्या मैदानाला लागून कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगची भिंत होती. मी अकरावीत असताना मारलेला फुटबॉल त्या भिंतीवरून गेला आणि पलीकडे कापसाच्या गंजीत असा रुतला की सापडता सापडेना. मुलगी जेवत नसली की ही गोष्ट, ताप आला की ही गोष्ट, लाइन गेली की पुन्हा हीच. दरवेळी मी गोष्टीला थोडी मीठ-मिरची लावत गेलो. भिंत आधी पुरुषभर उंच होती, ती वाढत गेली. गंजीवरचे हमाल आधी नुसते बघत होते, पुढे ते टाळ्या वाजवायला लागले. मुलगी मोठी होऊन रोज त्याच भिंतीजवळून शाळेत जाऊ लागली, तेव्हा मी तिला सांगून ठेवलं की डांबर टाकून टाकून रस्ता वर आला, म्हणून भिंत ठेंगणी दिसते.

गोष्टीत सगळं खरं होतं. भिंत खरी, गंजी खरी, बॉलही खरा. फक्त किक माझी नव्हती.

ती माझ्या एका दोस्ताची होती. तो आता गावाकडे शेती करतो. माझं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की लोक ती माझ्याकडे आणतात आणि मी तिच्यात नवी तांब्याची तार भरून देतो. असाच एकदा हा दोस्त मोटार घेऊन आला. मुलगी तेव्हा चौथी-पाचवीत असेल, दुकानात बसून अभ्यास करत होती. काका बाबांच्या शाळेतले आहेत हे कळताच तिनं त्याला अख्खी गोष्ट ऐकवली, टाळ्यांसकट. माझ्या हातातली तार तिथंच थांबली. दोस्तानं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि म्हणाला, "हो बेटा, लय दूर गेलता बॉल." पुढे त्यानं तो विषय कधी काढला नाही. त्याच दिवशी मी तोंड उघडायला हवं होतं. मी त्याला नुसता चहा पाजला.

गेल्या वर्षी मुलगी नववीत गेली आणि तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं फुटबॉल निवडला. तिच्या वर्गात कोणी ज्वालामुखी करत होतं, कोणी ठिबक सिंचन. तिला म्हणे असं काही करायचं होतं की ज्याचं उत्तर आधी माहीत नाही. बॉलमधली हवा कमी-जास्त केली तर तो किती लांब जातो, हा तिचा प्रश्न. दुपारी दुकानात येऊन तिनं मला सगळी मांडणी समजावून सांगितली.

"एकच गोष्ट बदलवायची बाबा, हवा. बाकी सारं जसंच्या तसं पाह्यजे. बॉल तोच, जागा तीच, अन् किक मारनारा बी तोच. त्याची किक दरवेळी सारखी बसली पाह्यजे. म्हनून तुमी."

मी म्हणालो, शाळेतलं एखादं पोट्टं घे. तर ती म्हणे पोट्ट्यांच्या किकचा काय भरवसा. एक इकडे, एक तिकडे.

ती काय मागत होती ते माझ्याइतकं कोणाला कळणार? आमच्या धंद्यात वेढे मोजून द्यावे लागतात. एका कॉइलला जास्त आणि दुसरीला कमी झाले की मोटार गरम होते आणि पुन्हा जळते. जे सारखं ठेवायचं ते सारखंच ठेवावं लागतं, यावर माझं पोट चालतं. आणि तरीही मी "बरं" म्हणालो. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

आदल्या दिवशी दुकानामागच्या बोळात मी वार्निशच्या रिकाम्या डब्यावर सराव करून पाहिला. डबा वाटला होता तेवढा रिकामा नव्हता. पायाचा अंगठा सुजला, आणि घरी मी सांगितलं की पायावर मोटार पडली. एक खोटं झाकायला दुसरं, आणि तेही त्याच पायाचं.

रविवारी आम्ही तिघं गावाकडच्या आमच्या वावरात गेलो. मी, मुलगी आणि टेप धरायला बायको. सोयाबीन निघून गेलं होतं, त्यामुळे एका बाजूला मोकळी पट्टी होती. पलीकडे तूर उभी होती आणि तिला लागून पऱ्हाटीत बाया कापूस वेचत होत्या. मुलीनं धसकटं काढून जागा साफ केली, चुन्यानं रेघ मारली, सायकलच्या पंपानं बॉल टणक भरला आणि म्हणाली, "हां बाबा."

मी पळत गेलो आणि मारली. बॉल जमिनीवरून घसपटत थोडा पुढे गेला आणि थांबला. दुसरी किक तिरपी तुरीत गेली. मुलगी हसायला लागली. तिला वाटलं मी मुद्दाम करतोय.

"मस्ती नका करू ना बाबा. बरोबर मारा."

त्या हसण्यानं मला जेवढी लाज वाटली तेवढी कोणाच्या शिवीनं वाटली नसती. मी जीव तोडून मारत राहिलो. अंगठा ठणकत होता, धाप लागली होती, बॉल कधी इकडे तर कधी तिकडे. पऱ्हाटीतल्या बाया कंबर सरळ करून बघायला लागल्या. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "काहो भाऊ, बॉलले मारून राह्यले का ढेकलाले?" सगळ्या खदखदा हसल्या. मुलीचा चेहरा लाल झाला. ती तुरीच्या कडेपर्यंत गेली आणि तिथून त्यांना कापसाच्या गंजीची गोष्ट सांगायला लागली. बाबा कसे खेळायचे, भिंत केवढी होती, हमालांनी कशा टाळ्या वाजवल्या. बाया ओटीत कापूस धरून ऐकत होत्या. मी पाणी प्यायला म्हणून मोटारसायकलकडे गेलो आणि बाटली रिकामी झाली तरी तोंडाला लावून उभा राहिलो. धरणी दुभंगून पोटात घेते तर बरं, असं लोक म्हणतात ते काय असतं ते मला त्या धसकटांत कळलं.

मग तिनं बॉलमधली हवा थोडी सोडली, आणखी किका झाल्या, मग आणखी सोडली. तोवर माझा पाय थोडा सरावला होता. अंगठ्याऐवजी पायाच्या वरच्या भागानं मारलं तर दुखत नाही, हे मला कळलं. मऊ बॉल लागतही कमी होता, म्हणून मी न घाबरता ताकद लावली. सगळ्यात कमी हवेचा बॉल सगळ्यात लांब गेला.

मुलगी टेपवर वाकली होती. तिनं मान वर करून आईकडे पाहिलं, पुन्हा टेपकडे पाहिलं. तिला काहीतरी नवीन सापडलं होतं. घरी येताना मागं बसून ती सारखी बोलत होती, हवा कमी झाल्यावर बॉल पायाला जास्त वेळ चिकटत असेल, म्हणून त्याला जास्त धक्का मिळत असेल. पुस्तकात नसलेलं उत्तर मिळालं होतं. मी गाडी चालवत राहिलो. मला ठाऊक होतं की हवेचा त्यात काही संबंध नाही, तिचा बाप सकाळपासून किक मारायला शिकत होता, एवढंच.

चार दिवसांनी ती शाळेतून आली ती रागानं धुमसत. सरांनी तिचे आकडे पाहिले आणि सांगितलं की हे उलटं आलंय, बहुतेक किक मारणाऱ्याची किक सारखी बसली नसेल, दुसरा कोणी घेऊन करून पाहा. सर सरळ आणि बरोबर बोलले होते. मुलगी त्यांच्याशी भांडून आली होती, भर वर्गात.

"म्या सांगतलं त्याईले," ताटावर बसून ती म्हणाली, "माह्या बाबाची किक आहे म्हनून. आकडे चुकतीन, पन बाबाची किक नाई चुकनार."

वर्गात कोणीतरी हसलं, तेव्हा तिनं तिथंही ती गोष्ट सांगितली. मैत्रीण म्हणाली की पुस्तकातल्यासारखे आकडे टाकून दे, कोण बघतंय. तर तिनं तिच्याशीही बोलणं सोडलं, कारण आकडे खोटे टाकायचे नसतात. बायको माझ्या ताटात भाकरी वाढताना जराशी थांबली. तिला खरं माहीत होतं. दोस्ताच्या बायकोनं एका लग्नात तिला कधीच सांगितलं होतं आणि तिनं ते माझी लाज म्हणून पोटात ठेवलं होतं. भांडी उचलताना ती हळूच म्हणाली, "तुमी सांगता का म्या सांगू?"

मी तरीही पळवाट काढली. मुलीला म्हटलं, त्या दिवशी वाऱ्याचा जोर होता, त्यानं झालं असेल. माझी समजूत होती की वाऱ्यावर ढकललं की सगळेच सुटतील, मीही आणि तीही. ती विचारात पडली. संध्याकाळी पाहिलं तर ती तक्त्यावरचं खोडून बसली होती आणि डोळे पुसत होती. वारा मोजायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. "माहीच मांडणी चुकली," ती म्हणाली. "म्या नीट इचारच नाई केला. मले जमतच नाई हे."

एवढ्या हुशार पोरीनं माझ्या थापेपायी स्वतःला ढ म्हणून घेतलं. किक नाही ती नाही, पण बाप म्हणवून घ्यायची तरी माझी लायकी आहे का, असं वाटलं. तेव्हाच बोलायचं होतं. पण ती रडत होती, आणि मी तेवढंही कारण पुढे करून उठलो.

सकाळी तिला शाळेत सोडायला मोटारसायकल काढली. ती मागं बसली, तक्त्याची गुंडाळी आमच्या दोघांच्या मध्ये. मी ठरवलं होतं की गाडी चालवतानाच सांगायचं, म्हणजे तिचं तोंड दिसणार नाही. सांगितलंही. पण वाऱ्यात तिला ऐकू आलं नाही. "काय?" पुन्हा सांगितलं. पुन्हा "काय?" शेवटी गाडी थांबवावी लागली, आणि माझं नशीब असं की थांबली ती जिनिंगच्या भिंतीजवळच. हंगाम सुरू होता. आत गंज्या लागल्या होत्या आणि भिंतीवरून त्यांचे पांढरे माथे दिसत होते.

"ते किक माही नव्हती," मी म्हणालो.

"कोनती?"

"कापसातली."

ती गाडीवरून उतरली. कोणाची होती, असं तिनं विचारलं. मी दोस्ताचं नाव सांगितलं. ते काका, दुकानात आले होते ते? मी मान हलवली. "लय दूर गेलता बॉल," असं तो म्हणाला होता, ते तिला आठवलं असावं. नंतर तिनं विचारलं, "मंग तुमी काय केलं?"

"मी बॉल आनाले गेलतो."

तिनं भिंतीकडे पाहिलं. माझ्या डोक्यापेक्षा थोडीशीच उंच भिंत, वर काचा लावलेली.

"रस्ता खरंच वर आला का, बाबा?"

"थोडासा," मी म्हणालो.

ती रडली नाही, चिडली नाही. गुंडाळी काखेत धरून शाळेकडे चालायला लागली. मी गाडी हातानं ढकलत तिच्या मागं गेलो. बसून जायचा धीर झाला नाही. ती थेट सरांच्या खोलीत गेली. मी दाराशी हेल्मेट हातात घेऊन उभा होतो. माझी लेक आता सांगणार की बाबा खोटं बोलले, आणि मी ते ऐकून घेणार, एवढी मनाची तयारी केली होती.

"सर, प्रयोग परत करा लागते," ती म्हणाली. "किक मारनारा स्थिर नव्हता."

बस, एवढंच. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि वेळ आहे अजून, कर, असं म्हणाले. तिनं मला वाचवलं होतं, तेही खोटं न बोलता. मला ते आयुष्यात जमलं नव्हतं.

पुढचे दोन-तीन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मग एका दुपारी दुकानात आली आणि जळलेल्या मोटारीची लोखंडी बॉडी मागितली, फार मोठी नको, पण जड पाहिजे. दोरही मागितला. मी दोन्ही काढून दिलं. रविवारी पुन्हा त्याच वावरात गेलो. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कडुनिंब आहे. त्याच्या आडव्या फांदीला तिनं ती बॉडी झोक्यासारखी टांगली, तिला जुनं पोतं गुंडाळलं, आणि खाली बरोबर समोर बॉल ठेवला. झोका एका काठीएवढा मागं ओढायचा आणि सोडून द्यायचा. दरवेळी तेवढाच मागं, दरवेळी तेवढाच जोर. माझ्या पायाची जागा एका भंगारानं घेतली होती आणि त्याला ते माझ्यापेक्षा पुष्कळ चांगलं जमत होतं.

झोका सोडायचं काम पहिल्यांदा मी घेतलं. सोडताना हातानं थोडा रेटा दिला. मुद्दाम नाही, पण थोडं पदरचं घातल्याशिवाय मला काही करताच येत नाही.

"ढकलायचं नाई बाबा, सोडायचं," मुलगी म्हणाली. मी पुन्हा केलं आणि पुन्हा तेच झालं. तिनं झोका आईच्या हाती दिला. "तुमी बॉल आना."

मग मी बॉल आणत राहिलो. झोका बसायचा, बॉल उडायचा, बायकोचं आणि तिचं टेप लावून झालं की मी पळत जायचो आणि घेऊन यायचो. टणक बॉल लांब गेला, मऊ जवळ पडला, अगदी सरांनी सांगितल्यासारखा. नवीन काही सापडलं नाही. एकदा बॉल टप्पा घेऊन तुरीपलीकडे पऱ्हाटीत शिरला. मी वाकून, बोंडं बाजूला करत, काट्याकुट्यातून तो काढला आणि बाहेर आलो तर डोक्याला, शर्टाला कापूस चिकटलेला. ती म्हातारी बाई तिथंच वेचत होती. "हे काम बरोबर देल्लं पोरीनं," ती म्हणाली.

मुलगी रेघेजवळ उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी बॉल तिच्या हातात दिला.

"तवा बी असेच गेलते का?"

"हो. भिंतीवरून उडी मारली होती. काच लागली. हमालानं शिव्या देल्ल्या. गंजीत पार कमरेलोक घुसलो तवा भेटला."

"मंग हेच सांगाचं होतं ना," ती म्हणाली आणि बॉल जागेवर ठेवायला वाकली.

मी हे सांगण्यासारखं आहे असं कधी समजलोच नव्हतो. किक मारणाऱ्याकडे सगळं मैदान बघत होतं आणि मी भिंतीच्या पलीकडे होतो. परत आलो तेव्हा माझ्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. तेवढ्यासाठी मी सगळी वर्षं दोस्ताची किक वापरली, आणि तिच्यासमोर तर इतकी वापरली की तिला ती विज्ञानाहून खरी वाटली.

प्रदर्शन एका शाळेच्या मोठ्या खोलीत होतं. ज्वालामुखीपुढे गर्दी होती, आमच्या टेबलापुढे कमी. मी येऊ का, असं मी तिला आधी विचारलं होतं. या, म्हणाली. मी टेबलाच्या कडेला बॉल घेऊन उभा होतो. परीक्षक आले, त्यांनी तक्ता वाचला आणि विचारलं की एवढा झोका कशाला टांगला, एखाद्या माणसाकडून किक का मारून घेतली नाही.

"आधी माणूसच घेतला होता, सर," मुलगी तिच्या पुस्तकी मराठीत म्हणाली. "माणसाची किक दर वेळी सारखी बसत नाही. त्यामुळे माझा निष्कर्ष चुकला होता."

ती माझ्याकडे बघत नव्हती. बॉल छातीशी धरून मी समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघत राहिलो. परीक्षकांनी माझ्याकडे बोट करून विचारलं, हे कोण.

"हे माझे बाबा. बॉल आणून द्यायचं काम यांचं होतं."

परीक्षक हसले. चांगले होते बिचारे. मला म्हणाले, मग पळावं लागलं असेल बरंच.

"हो," मी म्हणालो. "लय दूर जात होता बॉल."

मुलीनं झटकन वळून माझ्याकडे पाहिलं, हे खरं आहे का ते पाहायला. टेपवरचा आकडा तिनं स्वतः वाचला होता, तरी पाहिलं.